अंघोळीचे गोळे आणि साडूभाऊंचा सीलबंद बुधला

मु. त्रेंदाफिलोवो,
६ ऑक्टोबर

आदरणीय साडूभाऊ कांचो यांस मिन्योचा सप्रेम नमस्कार.

पत्राला उशीर झाला, त्याबद्दल सगळ्यात आधी माफी मागतो. तुमचं पत्र ऑगस्टच्या अखेरीस मिळालं होतं. सात इयत्ता शिकलेल्या माणसाला उत्तर लिहायला वेळ लागतो हे खरं, पण पाच आठवडे लागत नाहीत हेही खरं. आमची ही, दोन्का, म्हणाली, फोन कर. पण फोनवर तुमचा आवाज चढतो आणि माझा बसतो, आणि मग मी न केलेल्या गोष्टीही कबूल करून मोकळा होतो. कागदावर तुम्हाला मधे बोलता येत नाही, म्हणून कागद.

तुमचा गुडघा कसा आहे? मधमाश्यांनी यंदा काही दिलं का? डोंगराच्या तुमच्या बाजूला थंडी लवकर पडते, पेनाताईंनी सकाळी अंगणात उघड्या डोक्याने जाऊ नये. त्यांच्या रक्तदाबाची गोळी सकाळची असते की संध्याकाळची, ते मला आठवत नाही, पण जी असेल ती त्यांनी पुढचा परिच्छेद ऐकण्याआधी घ्यावी. तुम्हीही बसून वाचा.

तर, बुधला रिकामा झाला आहे.

कोणता बुधला, ते तुम्ही विचारणार नाही. तरी लिहून टाकतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की मिन्योने गुळमुळीत सांगितलं. तुमचा नातू गालिन जन्मला त्या वर्षी तुम्ही गाळलेली आलुबुखाराची कडक दारू, तुमची राकिया, सहा लिटर, वेताच्या टोपलीतला काचेचा बुधला, तोंडावर मेण, मेणावर तुमच्या अंगठ्याचा ठसा. गालिनच्या लग्नात फोडायची म्हणून सव्वीस वर्षं माझ्या तळघरात ठेवलेली. लग्न याच महिन्याच्या सव्वीस तारखेला. हे सगळं मला माहीत आहे. बुधला माझ्याकडे का ठेवलात, तेही तुम्हाला आठवत असेल. ‘माझ्या घरी राहिला तर पोराला दात यायच्या आत संपेल. तुझ्या पोटात अल्सर आहे मिन्यो, तुझ्याइतका भरवशाचा माणूस मला सापडायचा नाही,’ असं तुम्ही माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला होतात. तो भरवसा मी मोडलेला नाही. त्यातला एक थेंबही मी प्यायलो नाही. ती राकिया पिण्यात गेली नाही, साडूभाऊ. अंघोळीत गेली.

आता रागावू नका, किंवा रागवा, पण वाचत राहा.

आमची इग्लिका तुम्हाला माहीत आहे. तिची आई, म्हणजे आमची मुलगी, नऊ वर्षं जर्मनीत आहे आणि दर रविवारी फोनवर तिला तिकडे ओढते. गावातली शाळा बंद झाली तेव्हा इग्लिकाची नोकरी गेली, आणि मे महिन्यापासून पोरगी घरात बसून नखं कुरतडत होती. मग तिने हे अंघोळीचे गोळे करायला घेतले. त्यांना बाथ बॉम्ब म्हणतात. (पोस्टातल्या बाईंनी हे पत्र उघडलं तर म्हणून लिहितो, हा बॉम्ब फुटत नाही, नुसता फसफसतो.) खायचा सोडा, त्याच्या निम्मं लिंबूसत्व, म्हणजे पेनाताई जॅममध्ये घालतात तेच, थोडा मक्याचा स्टार्च, थोडं तेल आणि वास. घट्ट दाबून गोळा करायचा, वाळवायचा, आणि गरम पाण्याच्या टबात सोडायचा. तो खळखळून विरघळतो आणि माणसं त्यात बसून खूश होतात. माणसं अशाने का खूश होतात ते मला विचारू नका, मी बादली-तांब्यावर वाढलेला आहे.

गरम झऱ्याजवळ जे नवं पाहुणेघर झालं आहे, त्याच्या मालकीणबाईंनी तिच्याकडे ऐंशी गोळे मागितले. पहिलं काम. शनिवारी सकाळी पोचायला हवेत. इग्लिका मला म्हणाली, ‘आजोबा, हे जमलं तर पुढे काम मिळेल. नाही जमलं तर मी आईकडे चालले, आणि मग परत यायचं नाव नाही.’ तिने तिकीटसुद्धा काढून ठेवलं होतं आणि ते फ्रिजवर चुंबकाखाली लावलं होतं, म्हणजे दूध काढायला गेलं की दिसायचं. मी आठवडाभर कॉफी बिनदुधाची प्यायलो.

मंगळवारी तिला परवान्याच्या कागदांसाठी प्लोवदिव्हला जावं लागलं. पूड चाळून, परातीत घालून, झाकून ठेवली आणि जाताना म्हणाली, ‘शुक्रवारी दुपारी येते, आल्यावर ओलं करून वळते. आजोबा, हात लावायचा नाही.’ मी बरं म्हणालो. (मी अजूनही म्हणतो की मी बरं म्हणालो ते शुक्रवारबद्दल.) पण बस डोंगरातून बाहेर पडायच्या आत माझ्या डोक्यात हिशेब सुरू झाला. शुक्रवारी दुपारी वळले तर शनिवारी सकाळपर्यंत वाळणार कधी? एकतीस वर्षं मी गुलाबतेलाच्या कारखान्यात बॉयलर सांभाळला आहे. वाफ, दव आणि ओल यांचं मला त्या पोरीच्या मोबाईलपेक्षा जास्त कळतं. तिचे ऐंशी गोळे गाडीत बसून जातील आणि उतरताना पीठ होऊन उतरतील, हे मला आमच्या अंगणासारखं स्वच्छ दिसत होतं. तुम्ही असतात तर गप्प बसला असतात का? बसला असतात. तुम्ही कशालाच घाबरत नाही. मी घाबरतो, म्हणून मी उठलो.

या धंद्यात सगळी मेख ओलाव्यात आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आता माहीत आहे आणि कुणीही येऊन मला विचारावं. कोरडं राहिलं तर गोळा साच्यातून निघताच ढासळतो. आणि चिमूटभर जास्त ओलं झालं तर सोडा आणि सत्व टबाची वाट न बघता तिथेच एकमेकांना भिडतात, आणि जे भांडण पाहुण्यांच्या पाण्यात व्हायचं ते घरच्या परातीत होऊन जातं.

पहिल्या घाण्याला मी गुलाबपाणी घातलं. यात हसण्यासारखं काही नाही. आमच्या खोऱ्यात ओलं करायचं म्हटलं की हात गुलाबपाण्याच्या बाटलीकडेच जातो. इस्त्रीला तेच, खिरीला तेच, बाळाच्या डोळ्यांना तेच. मी कॉफीचा एक कप भरून घेतला, अर्ध्या पुडीवर ओतला आणि मळायला लागलो. परात श्वास घ्यायला लागली. आधी सूं असा आवाज आला, मग सगळं कणकेसारखं वर आलं, कडेवरून उतरलं आणि माझ्या पायावर पडलं. दोन्का दारातून बघत होती.

‘काय रे, आत्ताच फुटला का तुझा बॉम्ब?’

‘फुटला नाही. मुरतोय.’

‘चपलेत मुरतोय का?’

या बाईबरोबर मी एकावन्न वर्षं काढली आहेत, साडूभाऊ. पेनाताई जर तिच्या सख्ख्या बहीण असतील, तर तुमच्याविषयी मला मनापासून सहानुभूती आहे, आणि ती हे पत्र संपेपर्यंत तुम्हीही माझ्याविषयी ठेवावी.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, मी दुकानातला सगळा सोडा आणि सगळं लिंबूसत्व उचललं. (त्यानंतर दोन आठवडे गावात कुणाचा केक फुगला नाही. आणि लोणची घालायचे दिवस, लिंबूसत्वावाचून बायका खोळंबल्या. तोही दोष माझ्यावरच आहे.) या वेळी शहाणपणाने इग्लिकाची फवारणीची बाटली घेतली आणि साधं पाणी धुक्यासारखं उडवलं. एक फवारा, भराभर चोळायचं, दुसरा फवारा, भराभर चोळायचं, आणि कानाने लक्ष ठेवायचं. सूं आवाज आला की हात आवरायचा. मूठ आवळली की ढेकूळ धरलं पाहिजे आणि अंगठ्याने टिचकी मारली की मोडलं पाहिजे. नदीकाठची ओली वाळू असते ना, तशी. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, माझ्या तळहाताने मला सांगितलं. चाळीस गोळे वळले, एकही ढासळला नाही. स्वयंपाकघरातल्या कपाटावर ओळीने मांडले आणि समाधानाने अंगणात जाऊन बसलो.

आणि स्वयंपाकघरात दोन्काने भाजलेल्या मिरच्यांच्या ल्युतेनित्साच्या चाळीस बरण्या उकळायला लावल्या.

एकतीस वर्षं बॉयलरवर काढलेल्या माणसाने वाफेच्या खोलीत सोडा वाळत घातला, हे तुम्ही गुत्त्यात सांगणार आहात. सांगा. पण त्याचबरोबर हेही सांगा की मी तिला चार वाजता सांगितलं होतं, ‘दोन्का, आज बरण्या नको.’ ती म्हणाली, ‘हिवाळ्यात तुझे बॉम्ब लावून खायचेत का पावाला?’ संध्याकाळी जाऊन बघतो तर चाळीसच्या चाळीस फुगून, एकमेकांना चिकटून एक लांबलचक पाव झालेला, आणि त्याला मिरचीचा वास. तुकडा तोडून बादलीत टाकला. फुस्ससुद्धा केलं नाही. होतं नव्हतं ते कपाटावरच फसफसून गेलं होतं.

मी त्या रिकाम्या कपाटासमोर उभा होतो आणि फ्रिजवरचं तिकीट माझ्याकडे बघत होतं. पंधरा तारखेची बस. तेव्हा मला कारखान्यातली एक गोष्ट आठवली. हाताला पाणी लागलं तर हात ओला राहतो, स्पिरिट लागलं तर हात गार पडतो आणि कोरडा होतो. म्हणजे गोळा धरायला हवा तेवढा वेळ ओल, आणि मग ओल पसार. पाणी राहून भांडण लावतं, दारू काम करून निघून जाते. (दारूविषयी एवढं चांगलं मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो.) आणि आमच्या घरात, माझ्या अल्सरमुळे, दारू एकाच ठिकाणी होती.

तळघरात मी बुधल्यासमोर किती वेळ उभा होतो ते सांगत नाही. तुमच्या अंगठ्याचा ठसा बघितला. गालिनचा चेहरा आठवला. मग इग्लिकाचा आठवला. गालिनच्या लग्नात राकिया नसली तरी गालिनचं लग्न होणार आहे. मुलगी होकार देऊन बसली आहे, हॉल ठरला आहे. पण इग्लिका एकदा बसमध्ये बसली की आमच्या घरात दोन म्हातारी आणि चाळीस बरण्या राहणार. मी मेण फोडलं. ओरबाडून नाही, चाकूने, नीट, सरळ. लपवायचं असतं तर लपवलं असतं.

आणि ऐका, तेवढ्याने जमलं नाही! राकिया उडवून वळलेले पहिले दहा गोळे तासाभरात अंगावर चामखिळी आल्यासारखे झाले. का? कारण तुमच्या राकियात निम्मं पाणी आहे, साडूभाऊ. हा मी टोमणा मारत नाही, सगळ्याच राकियात असतं. पण तुम्ही सव्वीस वर्षं तिच्या कडकपणाबद्दल जे बोलत आला आहात, त्यातलं अर्धं सोड्याने खोटं पाडलं एवढं लिहून ठेवतो.

म्हणजे पाणी काढणं आलं. गुरुवारी सकाळी मी माझं तांब्याचं लहान भांडं बाहेर काढलं. निवृत्त झालो तेव्हा कारखान्याने घड्याळ देऊ केलं होतं, मी ते भांडं मागून घेतलं. आणि अंगणात मंद आचेवर तुमची सहा लिटर पुन्हा गाळली. पूर्ण सहा. थोडी गाळून बाकीची ठेवता आली असती, हे मला आता कळतं. तेव्हा शुक्रवार डोक्यावर होता आणि घाईत माप होत नाही. शेजारचा नाचो कुंपणावरून डोकावला. डोळे मिटून त्याने हुंगलं.

‘मिन्यो, कुणाचं लग्न रे?’

‘लग्न नाही. अंघोळ आहे.’

‘अशी अंघोळ असेल तर मलाही सांग. मी ईस्टरपासून केलेली नाही.’

त्याला मी एक अंगठाभर दिली. पिऊन तो टोपी काढून उभा राहिला. तुमच्या राकियाला यापेक्षा मोठा मान मी कुणी दिलेला पाहिला नाही.

जे उतरलं ते अडीच लिटर, काडी लावली तर निळं जळणारं, पावसाच्या पाण्यासारखं नितळ. तुम्ही तुतीच्या लाकडाने आणलेला तो सोनेरी रंग गेला. गेला तर गेला, रंग पिऊन आजवर कुणाला चढलेली नाही. दुसरं एक झालं. त्या भांड्यात तीस वर्षं गुलाब शिजला आहे. मी कितीही घासलं तरी तांबं विसरत नाही. तुमच्या आलुबुखाराला गुलाबाचा वास लागला. तुमच्याकडचे पुरुष ती आता पिणार नाहीत, प्यायले तर न्हाव्याच्या दुकानातून आल्यासारखे वाटतील. पण परातीत ती पडली तेव्हा, साडूभाऊ, सूंसुद्धा झालं नाही. दोन फवारे, तीन फवारे, मिश्रण हाताला वाळूसारखं गार लागलं आणि मूठ उघडली तर बोटांचे ठसे जसेच्या तसे. शुक्रवारी सकाळी दहाला शंभर गोळे तयार होते, ऐंशी आणि वर वीस, तळघरात, बरण्यांपासून दूर, माझ्या स्वच्छ शर्टावर मांडलेले. माझी बोटं तेव्हापासून सोलली आहेत, ते जाऊ दे.

इग्लिका आली, परात रिकामी बघितली आणि पिशवी खाली न ठेवताच माझ्याकडे वळली. मी तिला तळघरात नेलं. तिने एक गोळा उचलून दुसऱ्यावर आपटला. अक्रोडासारखा टणत्कार झाला. बादलीत गरम पाणी घेऊन एक सोडला. तो तळाला गेला, वर आला, गरगर फिरला आणि सगळं तळघर तुमच्या बागेसारखं दरवळलं.

‘आजोबा, यात काय आहे?’

‘कांचोआजोबा.’

ती पायरीवर बसून इतकी हसली, की मेपासून ते आजपर्यंत मी तिला तशी हसताना पाहिलं नव्हतं. गोळे शनिवारी गेले. मंगळवारी मालकीणबाईंचा फोन आला की पाहुणे टबातून उठत नाहीत, आणि दोघं तर गात बाहेर आले. नव्या वर्षासाठी तीनशे हवेत. फ्रिजवर आता तिकीट नाही. चुंबक तसाच आहे, त्याखाली काही नाही, आणि मी दिवसातून चार वेळा दूध काढायला जातो.

म्हणून शेवटचं लिहितो. माफी मी उशिराबद्दल मागितली. बुधल्याबद्दल मागत नाही. उद्या पुन्हा तशीच वेळ आली आणि तुमचा आणखी एक बुधला माझ्या तळघरात असला, तर मी तोही फोडीन, आणि त्या वेळी निम्माच गाळीन. तुम्ही मला चोर म्हणा, विश्वासघातकी म्हणा, पेनाताईंनी माझ्या नावाने ताट आपटावं. मी मान खाली घालणार नाही. पोरगी घरात आहे.

दोघांच्या प्रकृतीला जपा. दोन्काचा नमस्कार.

आपला साडू,
मिन्यो

ता. क. – दोन्काने पत्र वाचलं आणि म्हणते, बाटलीचंही लिही, नाहीतर मी लिहिते. न्हाणीघरातल्या फळीवर औषधाच्या दुकानातली कडक स्पिरिटची मोठी बाटली होती. इग्लिकाने ती गोळ्यांसाठीच आणली होती. शुक्रवारी तिने विचारलं, ‘हीच का नाही वापरलीस? मी हिनेच वळणार होते, एका रात्रीत वाळले असते.’ मी दोन दिवस ती बाटली माझ्या गुडघ्यांना चोळत होतो. बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं आणि चष्मा परातीपाशी होता. दोन्काच्या मते यामुळे सगळं पत्रच निकालात निघतं. माझ्या मते नाही. त्या स्पिरिटला गुडघ्याचा वास आहे, तुमच्या राकियाला बागेचा.

ता. क. २ – बसच्या चालकाबरोबर सहा गोळे पाठवत आहे. कोरड्या जागी ठेवा. तुम्ही चाटून बघू नका, मला माहीत आहे तुम्ही बघणार.

ता. क. ३ – आणखी एक विचारायचं होतं, ते वर कुठे बसलं नाही. तुमच्याकडच्या रीतीप्रमाणे लग्नाचं बोलावणं करायला लाल दोऱ्याचा लाकडी चंबू दारोदार फिरतो, घरच्याने घोट घ्यायचा आणि आपल्याकडची थोडी परत भरायची. गेल्या रविवारी तो चंबू आमच्या खालच्या गावात, दोन्काच्या चुलतभावाकडे येऊन गेला. आमच्याच रस्त्याने गेला. दोन्का ठेवणीतला निळा ॲप्रन घालून अंधार पडेपर्यंत दाराशी बाकावर बसली होती. ती म्हणते, तिने पेनाताईंना बुधल्याचं काही सांगितलेलं नाही, पण हे म्हणताना ती माझ्याकडे बघत नाही. चंबूवाला रस्ता चुकला असेल, आमच्याकडे वळण नीट दिसत नाही. मी तिथे पाटी लावली आहे. तसं नसेल आणि तुम्ही ठरवूनच आम्हाला वगळलं असेल, तर माझ्यापुरतं ते मान्य आहे, मी घरी थांबेन. पण दोन्काला बोलवा. तिने काहीच फोडलेलं नाही, आणि बहिणीच्या नातवाचं लग्न तिला एकदाच बघायला मिळणार आहे. दोन ओळी पाठवा साडूभाऊ, शिव्यांच्या असल्या तरी चालतील, पण या आठवड्यात पाठवा. रविवारी ती पुन्हा बाकावर बसणार आहे.